हिवरे बाजार : विहीर आटते तेव्हा घर सुटते

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. उत्तरेकडे प्रवरेच्या काठी ऊस, साखर कारखाने आणि कालव्याचे पाणी. दक्षिणेकडे नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत लांबवर पसरलेले माळरान. सह्याद्री ढग पलीकडेच रिकामे करून घेतो आणि उरलेला पाऊस इकडे येतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात काही शेतकरी कारखान्याचे सभासद आहेत, तर काही माणसे दिवाळीनंतर बैलगाडीत बिऱ्हाड भरून दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात.

या मुलखात वस्ती करायची तर आधी पाण्याची सोय पाहावी लागते, हे मलिक अहमद निजामशहाला ठाऊक होते. १४९० च्या सुमारास त्याने नगर शहर वसवले. निजामशाहीच्या काळात आसपासच्या उंच भागातून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. जुन्या नगरच्या मशिदी, हौद आणि बागा त्या पाण्यावर उभ्या होत्या. पाणी आले म्हणून माणसे आली, आणि राहिली.

त्याच नगर शहराच्या पश्चिमेला सतरा-अठरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. सव्वाबाराशेच्या आसपास वस्ती, सुमारे ९७७ हेक्टर शिवार, तीन बाजूंनी डोंगर, आणि सरासरी वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस. आदर्श गाव म्हणून त्याचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. शाळेच्या सहली येतात, सरपंचांचे अभ्यासदौरे येतात, परदेशातले पाहुणेही येतात. आम्ही मात्र आदर्श गाव पाहायला गेलो नव्हतो. आम्हाला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते.

आमच्या मोहल्ल्यातली काही कुटुंबे दर हिवाळ्यात स्टेशनाबाहेर आणि पुलाखाली झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटतात. रमजानमध्ये इफ्तारची पाकिटेही नेली जातात. या कामात एक वाक्य दरवर्षी कानावर पडते. कधी रस्त्याने जाणारा म्हणतो, कधी आपल्यातलाच कुणी : “यांना गाव नाही का? गावाला का जात नाहीत?” म्हणणारा वाईट माणूस नसतो. त्याला खरोखरच वाटते की गावी घर असताना हे लोक आळसाने किंवा भीक मागण्याच्या सवयीने शहरात पडून आहेत. मग आम्ही ठरवले की ज्या गावातून माणसे निघून गेली आणि पुढे त्यातली काही परत आली, ते गाव पाहायचे. माणसाचे घर कसे सुटते आणि कसे पुन्हा मिळते, हे तिथे जितके स्पष्ट दिसेल तितके फुटपाथवर दिसणार नाही.

गाव कसे उठले

हिवरे बाजार एके काळी पैलवानांसाठी प्रसिद्ध होते. कुस्तीचा आखाडा चालायचा तर दूध-तूप लागते, आणि दूध-तुपाला जनावरे व चारा लागतो. म्हणजे गाव तेव्हा खाऊनपिऊन सुखी होते. पण डोंगरावरची झाडे तुटत गेली. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस थांबेना. तो वाहून जाताना शेतातली मातीही घेऊन जाऊ लागला. विहिरींची पातळी खाली गेली. मग १९७२ चा दुष्काळ आला.

त्या दुष्काळाच्या आठवणी आपल्याही घरातल्या दादा-नानींनी सांगितलेल्या असतील. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात त्याच काळात मूळ धरून पुढे कायद्यात आली, कारण लाखो माणसांना गावात काम उरले नव्हते. हिवरे बाजारातही तेच झाले. एक पीक कसेबसे यायचे. कर्ज झाले. रिकाम्या हातांना दारूने धरले आणि गावात हातभट्ट्या पेटल्या. दारूमागून भांडणे, मारामाऱ्या, पोलीस ठाणे. सरकारी नोकराची या गावात बदली म्हणजे शिक्षा समजली जाई. गावात मुलगी द्यायला लोक कचरत. ज्याला शक्य झाले त्याने मुंबई, पुणे, नगर गाठले आणि मिळेल ती मजुरी धरली.

हा क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. झाड गेले, मग माती, मग पाणी. त्यामागून काम गेले आणि मग गावातला सलोखा. घर सगळ्यात शेवटी गेले. भिंती जागेवरच होत्या, पण त्या भिंतींच्या आत राहून पोट भरत नव्हते. कुलूप लावून माणूस एसटीत बसला तेव्हा तो सरकारच्या कोणत्याही यादीत बेघर नव्हता. पण बेघर होण्याचा बराचसा रस्ता त्याने तोवर चाललेला होता.

संगमनेरचा चांभार

अशा माणसाचे पुढे काय होते, याची नोंद याच जिल्ह्यातल्या एका माणसाबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल. ऐन पावसाळ्यात झोपड्या तोडायला सुरुवात झाली. त्याविरुद्ध जे अर्ज झाले त्यांचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने तो ओळखला जातो. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड.

अर्जदारांत एक जण अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा होता. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातले त्याचे नावापुरते घर पडले. तो मुंबईला आला, बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. ताडदेवजवळच्या तुळशीवाडीत फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या एका गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. निकालातले हे आकडे वाचताना आम्ही थबकलो. फुकट पडून राहणारा म्हणून ज्याला हिणवले जाते, त्याने जवळजवळ तीन महिन्यांचा पगार त्या फुटपाथवरच्या जागेसाठी मोजला होता.

आणि त्याला सांगितले जात होते : गावाला जा. कोणत्या गावाला? जिथे घर पडले आहे आणि कामही नाही तिथे?

न्यायालयाने हा मुद्दा ओळखला. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही, काम जवळ असते म्हणून. त्याला तिथून काढले की त्याची रोजी जाते, आणि रोजी गेली की जगणेच जाते. म्हणून जगण्याच्या हक्कात रोजीचा हक्क येतो, असे न्यायालयाने मानले. मात्र फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्यांनी कायम ठेवला. अर्जदारांना मिळाले ते एवढेच की पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्यांना हलवू नये. आज चाळीस वर्षांनी कायद्याची पुस्तके या निकालाचे पहिले अर्धे वाक्य अभिमानाने सांगतात. फुटपाथवरच्या माणसाच्या वाट्याला मात्र दुसरे अर्धे येते.

त्याच १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवासियांची गणना केली, तेव्हा सुमारे सहा हजार कुटुंबे आढळली. पुढच्या वर्षी त्याच वस्त्यांतल्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभे केले. त्यांत आपल्या समाजातल्या खाला-आपाही पुष्कळ होत्या. रुपया-रुपया बचत करून घराचा हक्क मागणाऱ्या या बायकांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा त्यांचा दिवस सकाळी पाण्याच्या रांगेपासून मोजून पाहावा.

गाव पुन्हा कसे बसले

आता हिवरे बाजारला परत येऊ. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले. ते पुण्यात शिकलेले, वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आणि क्रिकेटचे खेळाडू. घरच्यांना वाटत होते की त्यांनी नोकरी धरावी. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीचे काम तेव्हा उभे राहिले होते, त्याचाही धडा समोर होता. पुढे राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजारचा समावेश झाला.

गावाने पाच गोष्टी ठरवल्या : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, बांध घातले, पाझर तलाव केले, झाडे लावली. पैसा बराचसा सरकारी योजनांचाच होता, रोजगार हमीचाही होता. तो इतर गावांनाही मिळत होता. इथे तो कागदावर न राहता मातीत उतरला, एवढाच फरक.

त्यानंतरचा एक नियम आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. पाणी मुरले की ते विहिरीत येते, आणि विहिरी एकमेकींशी जमिनीखालून जोडलेल्या असतात. एकाने पाचशे फूट खोल बोअर मारली तर तो शेजारच्या दहा विहिरी कोरड्या करतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला गावातून उठवतो, आणि कुणालाही कळत नाही की याचे घर त्याने मोडले. म्हणून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. यंदा पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हे मोजतात. माणसे आणि जनावरे यांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यातला मोठा भाग शेतीला देतात आणि काही भाग जमिनीतच शिल्लक ठेवतात. मग पिके ठरतात. ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके इथे घेत नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. डोंगरावरचे चर गवताने झाकले गेले होते. ते पाहायला वाकून गवत बाजूला करावे लागत होते. रस्त्याच्या कडेने कांद्याची रोपे, ज्वारी, भाजीपाला. गल्ल्या सरळ आणि झाडलेल्या. कुलूपबंद, पडझड झालेली घरे आम्ही मुद्दाम शोधत फिरलो. दुष्काळी पट्ट्यातल्या कुठल्याही गावात ती सहज दिसतात. इथे ती शोधावी लागतात.

१९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, म्हणजे जवळजवळ सगळे गावच. पुढच्या पंधराएक वर्षांत हा आकडा ३ वर आला. दिवसाचे दूध दीडशे लिटरवरून तीन हजार लिटरच्या पुढे गेले. आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा असा : १९९२ ते २००२ या दहा वर्षांत शहरात गेलेली सुमारे चाळीस कुटुंबे परत आली. त्यांना कुणी गाडीत घालून गावी पाठवले नव्हते, झोपडी तोडून हाकललेही नव्हते. विहिरीला पाणी आल्याची बातमी पोचली आणि ती आपणहून निघाली.

पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ती एका सरपंचाला मिळाली असली, तरी चर खणणारे हात पुष्कळ होते.

एक घर, एक मशीद

वाचकांना या गावाची आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. संपूर्ण गावात मुस्लिम कुटुंब एकच आहे, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधून दिली आहे. ही हकीकत सांगून बहुतेक लोक सलोख्यावर दोन शब्द बोलून पुढे जातात. आम्हाला तिच्यात दुसरेही काही दिसले.

एक घर म्हणजे मते किती? ती धरून निवडणूक जिंकता येत नाही, सोडून हरताही येत नाही. तरी गावाने त्या घराला मोजले. पाण्याच्या ताळेबंदात ज्याची तहान मोजली जाते, त्याच्या नमाजलाही जागा मोजली जाते. घर म्हणजे फक्त छप्पर नव्हे. आपण इथले आहोत, आपल्याला कुणीतरी धरले आहे, ही खात्री घरात असते. शहरातला बेघर माणूस छपराआधी ही खात्री गमावतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी शहरात भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज बदललेला ऐकला असेल. जागा कालच गेली, मालकाचा विचार बदलला, सोसायटीचा नियम आहे. पगार, शिक्षण, चालचलन काहीही न विचारता नावावरून निकाल लागतो. हे दुःख आपल्याला माहीत आहे. म्हणूनच फाटक्या कपड्यावरून दुसऱ्याचा निकाल लावताना आपण तरी दहा वेळा विचार करायला हवा.

हिवरे बाजारची सगळी बाजू सोपी आहे असेही नाही. चराईबंदीचा पहिला फटका ज्याला जमीन नाही आणि चार शेळ्यांवर घर चालते त्याला बसतो. गावाने विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा दिली, त्यामुळे वाट निघाली, पण सवय मोडावी लागली. गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हाही नियम आहे. अडचणीत सापडलेला शेतकरी जमीन विकून कायमचा उठतो, ते या नियमाने थांबते. पण दुसऱ्या गावातून उठलेल्याला इथे जमीन घेऊन घर मांडता येत नाही. एक गाव आपली माणसे राखू शकते. सगळ्या महाराष्ट्राची उठलेली माणसे ते सामावून घेऊ शकत नाही.

जे परत जाऊ शकत नाहीत

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर, एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली गेली. रस्त्याकडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, जिन्याखाली, प्लॅटफॉर्मवर, धर्मस्थळांच्या आवारात जे झोपलेले दिसले ते मोजले. ज्यांच्याकडे टॉर्च पोचली नाही ते राहून गेले.

हे सगळे दुष्काळाने उठलेले नाहीत. मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपणारे कुटुंब गावात शेत असलेलेही असू शकते. आजार लांबला आणि लॉजचे पैसे संपले, एवढेच. कुणी बाई नवऱ्याच्या माराने निघालेली असते आणि माहेरचे दार बंद झालेले असते. कुणा म्हाताऱ्याला मुलांनी वाटणीत घेतलेले नसते. कुणी पोर घरातल्या भांडणाने गाडीत बसलेले असते.

आणि काही जणांचे मनच आजारी असते. अशांसाठी कर्जतला श्रद्धा पुनर्वसन संस्था चालवणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून ते त्यांना त्यांच्या घरी पोचवतात. ज्याला आपण वेडा म्हणून ओलांडून जातो त्याला औषध सुरू झाले की अनेकदा गावाचे नाव आठवते, आईचे नाव आठवते. नगर जिल्ह्यातच शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने माऊली सेवा प्रतिष्ठान उभे केले आहे. रस्त्यावर सापडलेल्या, मनाने खचलेल्या, कित्येकदा अत्याचार सोसलेल्या बायकांचे ते घर आहे. हिवरे बाजार घर सुटू नये म्हणून काय करावे ते दाखवते. शिंगवे नाईक हे घर सुटून गेलेल्यांचे काय करावे ते दाखवते. दोन्ही एकाच तालुक्याच्या परिसरात आहेत.

कायदा मात्र अजून निराळ्या नजरेने पाहतो. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. पोटापाण्याचे उघड साधन नाही आणि सार्वजनिक जागी फिरतो, एवढ्यावरून माणूस भिकारी ठरू शकतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत त्याला डांबून ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. गरिबी हा गुन्हा होऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा एक निवारा हवा. २०११ ची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. हिशेब आपला आपण करता येतो : सुमारे सव्वाशे निवारे. मुंबई त्या आकड्यापासून बरीच दूर आहे.

आपल्या घरातून काय होईल

मदिना मुनव्वरामध्ये मस्जिद-ए-नबवीला लागून एक छपराची जागा होती, सुफ्फा. ज्यांना घर नव्हते, नातेवाईक नव्हते, असे सहाबा तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. ज्यांनी सर्वाधिक हदीस उम्मतपर्यंत पोचवल्या ते एके काळी बेघर होते, आणि त्यांचा निवारा मशीदच होती. पैगंबर (स.) त्यांना आपल्या जेवणात सामील करत.

मक्केहून घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना अन्सारांशी भाऊ म्हणून जोडले गेले. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे? घर सुटलेल्या माणसाने पहिल्यांदा रोजीचा रस्ता विचारला. यजमानानेही त्याला गावी परत जा म्हटले नाही.

कुरआनात सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन आपल्याला लगेच आठवतात. त्याच यादीत कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. ब्लँकेट वाटतो तेव्हा आपण शेवटच्या टप्प्यावर पोचतो. ते चुकीचे नाही, थंडीत उघड्यावर झोपलेल्याला ब्लँकेटच लागते. पण हिवरे बाजार पाहिल्यावर आम्हाला वाटते की जकातीचा काही भाग त्याआधी पोचायला हवा. गल्लीतल्या ज्या विधवेचे चार महिन्यांचे भाडे थकले आहे, ज्या रिक्षावाल्याने ऑपरेशनसाठी सावकाराकडून पैसे उचलले आहेत, ज्या गावाकडच्या चाचांच्या विहिरीचे काम अडले आहे, त्यांचे कर्ज फेडले तर ते घर उठणारच नाही. पुढे त्यांना ब्लँकेट द्यायची वेळच येणार नाही. अशी माणसे मागायला येत नाहीत. मोहल्ला कमिटीने रमजानच्या आधी बसून, नावे बाहेर न फोडता, कोणते घर मोडण्याच्या बेतात आहे याची यादी केली तर ती पाण्याच्या ताळेबंदासारखीच ठरेल.

फुटपाथवरच्यांसाठी पैशाशिवायही पुष्कळ करता येते. पत्ता नाही म्हणून मतदार यादीत नाव नाही, असे होऊ देऊ नये. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर माणूस ज्या जागी झोपतो तीच त्याची जागा धरता येते, आणि बूथ अधिकारी रात्री तिथे येऊन खात्री करतो. अर्ज भरून देणारा एक शिकलेला मुलगा तेवढा हवा. आपल्या कॉलेजातल्या मुला-मुलींना हे काम जमण्यासारखे आहे. मशिदीचे वजूखाने आणि संडास दिवसाच्या ठरावीक वेळी बाहेरच्या बेघर माणसालाही वापरता येतील का, याचा विचार विश्वस्तांनी करावा. धर्म विचारू नये. मनाने आजारी दिसणारा माणूस असेल तर त्याला नुसते जेवण देऊन थांबू नये, उपचार करणाऱ्या संस्थेपर्यंत त्याची खबर पोचवावी. आणि ब्लँकेट देताना फोटो काढू नये. घेणाऱ्यालाही लाज असते.

गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांनी एक गोष्ट आणखी करावी. आपल्या शिवारात बोअर मारण्यापूर्वी शेजारच्या विहिरी कुणाच्या आहेत ते विचारावे. ग्रामसभेला जावे, आणि घरातल्या बायकांनाही न्यावे. आपले एकच घर असले तरी जावे.

सूरह नहलमध्ये घराचा उल्लेख अल्लाहने दिलेली सुकूनची जागा म्हणून आला आहे. ती नेमत ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तिचा हिशेबही मागितला जाईल. अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो, आणि ज्यांची घरे सुटली आहेत त्यांना पुन्हा एका छपराखाली आणण्याच्या कामी आपल्याला लावो. आमीन.